गुडघे आहेत तोवर चारमिनार

आमच्या उमरग्यातून कुणी हैदराबादला धडधाकट जात नाही. गाव हायवेवर आहे, दिवसभर हैदराबादकडे गाड्या पळत असतात. पण ट्रक ड्रायव्हर आणि व्यापारी सोडले, तर त्या गाड्यांत बसलेला आमचा माणूस एक तर पेशंट असतो, नाहीतर पेशंटचा डबा मांडीवर घेतलेला नातेवाईक. गावात दवाखाने भरपूर आहेत आणि डॉक्टरही भले आहेत. पण त्यांनी पाठीवर हात ठेवून "एकदा हैदराबादला दाखवून या" असं म्हटलं, की त्या दिवशी घरात कुणी धड जेवत नाही. पाच तासांवरच्या या शहरात काही बघण्यासारखं असेल, हे आमच्या गल्लीत कुणाच्या डोक्यात येत नाही.

मी मात्र बायकोला घेऊन हैदराबाद बघायला निघालो. नुसतं बघायला. त्यापायी गल्लीत, कचेरीत आणि सासरवाडीत माझी जी शोभा झाली, ती आता सगळ्यांना अर्धीमुर्धी माहीत आहेच, तेव्हा पूर्ण सांगून टाकलेली बरी.

याचं मूळ सव्वीस वर्षांपूर्वी मी मारलेल्या एका थापेत आहे. लग्नाच्या आधी मी रेल्वेची एक परीक्षा द्यायला सिकंदराबादला गेलो होतो. परीक्षेत काय झालं ते सोडा. परतताना चारमिनार बघायला गेलो, वर जायची रांग बघितली, खाली उभं राहून दोन पेरू खाल्ले आणि घरी आलो. पुढं लग्न झालं. दैवशाला बेंबळीची, मेंढरं आणि शेती असलेल्या घरातली, पहिले आठ दिवस मान वर करून बोलेना. तिच्यावर छाप पाडायला म्हणून मी सांगितलं की मी चारमिनारच्या वर जाऊन आलोय, सगळं शहर पायाखाली दिसतं, आणि वर आपल्या खोलीएवढी मोठी घंटा आहे. घंटा कशाला घातली, देव जाणे. माणूस थाप मारताना थांबायचं कुठं ते विसरतो. ती पहिल्यांदा माझ्याकडं डोळे मोठे करून बघत म्हणाली, "मला दावाल?" मी म्हणालो, "तर!"

त्यानंतर आम्ही दोनदा हैदराबादला गेलो. एकदा माझ्या वडिलांच्या डोळ्यांसाठी, एकदा आईच्या ऑपरेशनसाठी. दोन्ही वेळा दैवशालानं दवाखान्याच्या व्हरांड्यात स्टोव्हवर भात शिजवला आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी बघितली. ती काही बोलली नाही. बायका बोलत नाहीत तेव्हा सगळं लिहून ठेवत असतात, हे मला उशिरा कळलं.

या वर्षी तिचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला. आमच्या डॉक्टरांनी दाबून बघितलं, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "वहिनी, इथून पुढं जिने टाळा." घरी येताना रिक्षात ती गुडघा चोळत बसली. घराच्या दोन पायऱ्या चढून वर आली आणि म्हणाली, "टाळीन की. पण टाळायच्या आधी एक जिना चढायचाय मला." कुठला जिना, हे मी विचारलं नाही. मला आधी रजा आठवली. वर घंटा नाही, हेही मला आठवलं.

आता रजा. मी एका सरकारी कचेरीत आहे. कुठल्या ते सांगत नाही, अजून चार वर्षं नोकरी शिल्लक आहे. आवक-जावक टेबलावर बसतो, म्हणजे कागद कुठून आला आणि कुठं जाऊन पडला हे मला पाठ आहे. तीन दिवसांची किरकोळ रजा आणि सोबत मुख्यालय सोडण्याची परवानगी, असा स्वच्छ अक्षरात अर्ज केला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं : पर्यटन.

आस्थापनेवर श्रीमंत नावाचा लिपिक आहे. नावाप्रमाणं काही नाही, पण तपशिलाच्या बाबतीत माणूस फार सधन. त्यानं अर्ज उजेडात धरून बघितला.

"साहेब, हे काय?"

"पर्यटन."

"कोण करणार?"

"मी. सहकुटुंब."

"अहो, पण कारण काय?"

"पर्यटन हेच कारण."

श्रीमंतनं चष्मा काढला. वीस वर्षांत असा अर्ज आपल्या हातून गेलेला नाही, म्हणाला. लग्न, बारसं, तेरावं, पाईपलाईन फुटली, म्हैस व्यायली, इथपर्यंत सगळं त्यानं मंजूर केलंय. पण धडधाकट माणूस, कामाच्या दिवशी, परराज्यात, उगंच? ऑडिटवाले लाल पेन्सिलीनं गोल करतील. अर्ज घेऊन तो मोठ्या साहेबांकडं गेला. साहेबांनी मला बोलावलं आणि फार प्रेमानं म्हणाले, "उत्तरेश्वरराव, हैदराबादच ना? मग 'पत्नीची वैद्यकीय तपासणी' लिहा की. सगळे तेच लिहितात. गुडघा आहे ना वहिनींचा?"

गुडघा होता. खोटं असं त्यात काहीच नव्हतं. मी दुसरा अर्ज लिहिला. पहिला तीन दिवस टेबलाटेबलावर फिरत होता. दुसरा पंधरा मिनिटांत मंजूर होऊन आला, वर श्रीमंतनं शिपायाकरवी मला चहा पाठवला. माझ्या सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यानं पाजलेला तो पहिला चहा. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं. पण श्रीमंत आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून राहतो, हे चहाच्या भरात माझ्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी घरी आलो तर दारात अकरा जोड चपला. आत बायका भिंतीला टेकून बसलेल्या, मधोमध दैवशाला, आणि तिचा हात हातात घेऊन शेजारच्या सारजाबाई डोळे पुसताहेत. सारजाबाई सत्तरीच्या. मालक जाऊन नऊ वर्षं झाली, एकट्या राहतात, पण गल्लीत कुणाला शिंक आली तरी सगळ्यात आधी आल्याचा काढा त्यांचा येतो. टेबलावर केळी. खुर्चीवर केळी. टीव्हीवर एक नारळ आणि बिस्किटांचे पुडे. मला बघून सगळ्या पदर सावरत उठल्या. जाताना एकेकीनं माझ्याकडं असं बघितलं, की मलाच काहीतरी झाल्यासारखं वाटायला लागलं.

दार लावून दैवशाला म्हणाली, "मला काय झालंय, ते मला तरी सांगा."

मी अर्जाचं सांगितलं. ती म्हणाली, "मग आत्ताच्या आत्ता जाऊन सगळ्यांना खरं सांगा."

हे बोलायला सोपं आहे. आमच्याकडं मोठ्या दुखण्याचं नाव कुणी घेत नाही, घरचे तर नाहीच नाही. "काही नाही हो, असंच" असं घरच्यांनी म्हटलं, की दुखणं मोठं. आणि "अजिबातच काही नाही" म्हटलं, की आटोपलं. मी ओट्यावर उभा राहून समोरच्या हिंमतराव गुरुजींना मोठ्यानं सांगितलं, "गुरुजी, तिला काही झालेलं नाही. आम्ही फिरायला चाललोय, फिरायला!" हिंमतराव निवृत्त मुख्याध्यापक. गल्लीला अजून पाचवीचा वर्ग समजतात. ते शांतपणे रस्ता ओलांडून आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "तिला सांगितलं नाही ना? बरं केलं. असंच हसतमुख राहायचं."

पुढचे चार दिवस सल्ल्यांचे होते. हिंमतरावांनी वहीच्या कागदावर लिहून दिलं : आधार कार्ड, रेशन कार्ड, जुने रिपोर्ट, दोन चादरी, बादली. दवाखान्यात बादली मिळत नाही म्हणे. कापायचं म्हणाले तर लगेच हो म्हणू नका, दुसऱ्याला दाखवा. दुसरा कापू नका म्हणाला तर तिसऱ्याला दाखवा. श्रीमंतच्या बायकोनं लिफ्टमध्ये जपून राहायला सांगितलं, तिची मावशी एकदा लिफ्टमध्ये अडकली होती आणि ऑपरेशनपेक्षा तिला त्याचाच धसका बसला. सारजाबाईंनी तुळजापूरचा अंगारा पुडीत बांधून दिला. केळी तर इतकी झाली की आम्ही सकाळ-संध्याकाळ शिकरण खाल्लं, आणि शेवटी खरंच पोट बिघडून मी डॉक्टरकडं गेलो. ते बघून गल्लीला वाटलं, रिपोर्ट आणायला गेलाय.

सोमवारी सकाळी निघालो. दैवशालानं या प्रवासासाठी पोपटी रंगाची नवी साडी घेतली होती, पण ती नेसून दाराबाहेर पडायची सोय राहिली नव्हती. पेशंट पोपटी साडी नेसत नाही. तिनं जुनं मळखाऊ लुगडं गुंडाळलं आणि साडी पिशवीच्या तळाशी घातली. बाहेर गल्ली उभी. रिक्षा आलेली. दोघी बायकांनी तिला दोन्ही दंडांना धरलं आणि दहा पावलांचं अंतर पाच मिनिटांत पार केलं. हिंमतरावांनी बादली स्वतः आणून रिक्षात ठेवली. मी नको नको म्हणत होतो. रिक्षा वळल्यावर मी म्हणालो, "लंगडायची काय गरज होती तुला?" ती म्हणाली, "दोघींनी दोन बाजूंनी ओढल्यावर सरळ चालता येतंय का? तुमी चालून दावा."

जहीराबादला गाडी चहाला थांबली. दैवशाला पिशवी घेऊन हॉटेलच्या मागं गेली आणि दहा मिनिटांनी पोपटी साडीत, डोळ्याला काळा गॉगल लावून आली. गॉगल कधी घेतला, मला पत्ताच नव्हता. शेजारच्या सीटवरच्या बाईनं मला हळूच विचारलं, "मघाच्या आजारी बाई कुठं उतरल्या?"

हैदराबादेत संध्याकाळ छान गेली. लॉज मिळाला, बिर्याणी खाल्ली. दैवशाला रिक्षावाल्याशी बिनधास्त बोलत होती. त्याचं 'नक्को' आणि तिचं 'नक्को' एकच असल्याचं कळल्यावर तर तिला तो माहेरचाच वाटायला लागला. चारमिनारकडं त्या दिवशी गेलो नाही. उद्या सकाळी उठून, अंघोळ करून, पहिल्या रांगेत, असं तिचं ठरलेलं होतं. झोपताना तिनं गुडघ्याला तेल चोळलं आणि म्हणाली, "उद्याच्या दिवस साथ दे बाबा, मग खुशाल दुख."

सकाळी आठला मी बूट घालत असताना फोन वाजला. दैवशालाचे थोरले भाऊ, बेंबळीचे लिंबाजीदादा.

"दाजी, आमी आलाव."

"कुठं?"

"दवाखान्यात. पाक गेटावर हुबं हाव. कितवा मजला?"

उमरग्याहून बातमी बेंबळीला पोचली होती. वाटेत ती कुठं कुठं थांबली आणि काय काय खाऊन मोठी झाली ते माहीत नाही, पण दादांना मिळाली ती 'दैवाला हैदराबादला नेलंय, काय बोलंना' अशी. मेंढरं शेजाऱ्याच्या हवाली करून, जीप ठरवून, ते रातोरात निघाले. हैदराबादेतला सगळ्यात मोठा दवाखाना तोच असणार, म्हणून सगळ्यात उंच इमारतीपुढं जाऊन थांबले. बरोबर वहिनी बानूबाई. आणि चुलतभाऊ बिराप्पा. बिराप्पाला का आणलं? तर त्याचा आणि दैवशालाचा रक्तगट एक.

दवाखान्याचं नाव विचारून घेऊन आम्ही रिक्षा करून धावलो. दवाखान्याच्या फाटकाशी पटका बांधलेले दादा उभे होते, पायाशी भाकरीचं गाठोडं, बानूवहिनींच्या हातात शेळीच्या दुधाची किटली. बिराप्पानं शर्टाची बाही आधीच कोपरापर्यंत दुमडून ठेवलेली. दैवशाला पोपटी साडीत, गॉगल लावून रिक्षातून उतरली. दादांनी तिच्याकडं बघितलं आणि त्यांचा चेहराच पडला.

"डोळ्यावर गेलं का गं?" म्हणाले आणि रडायला लागले.

तिनं घाईनं गॉगल काढला. "दादा, मला कायबी झालं न्हाय. मी चारमिनार बघाय आलेय."

"आई बी असंच म्हनायची," दादा पटक्याच्या टोकानं डोळे पुसत म्हणाले. "शेवटपातुर म्हनली, मला काय झालं न्हाय."

 दैवशालानं गॉगल पिशवीत टाकला. त्यांची आई खरंच तशी गेली होती. मी सगळं समजावून सांगितलं : अर्ज, कारणाचा रकाना, श्रीमंत, ऑडिट. दादांनी ते नीट ऐकून घेतलं. मग बिराप्पाकडं वळून म्हणाले, "दाजीला बी धक्का बसलाय."

तेवढ्यात कळलं की बिराप्पानं केसपेपरही काढून ठेवलाय. त्याला हैदराबादच्या दवाखान्यांचा अनुभव. तीन वेगवेगळ्या नातेवाइकांबरोबर तो इथं राहून गेलेला. रांगेत सहाला उभा राहून त्यानं दैवशालाच्या नावानं नंबर लावला होता. चौऱ्याऐंशी. आत तेव्हा एकविसावा चालू होता. दादांचं म्हणणं साधं होतं : डॉक्टरनं तोंडानं सांगितलं की काही नाही, तर काही नाही. तोवर ते तिथून हलणार नव्हते, आणि भाऊ दवाखान्याच्या दारात बसलेला असताना दैवशाला चारमिनारला जाणार नव्हती.

मग आम्ही बसलो. दहा वाजले, बारा वाजले. व्हरांड्यात बसून आम्ही भाकरी आणि ठेचा खाल्ला. आसपासच्या चार पेशंटांनाही बानूवहिनींनी वाढलं. मी मनातल्या मनात हिशेब करत होतो की चारमिनारच्या तिकिटाची खिडकी पाचला बंद होते, असं लॉजवाला म्हणाला होता, आणि उद्या सकाळची परतीची गाडी. दैवशाला तिसऱ्यांदा हैदराबादेत दवाखान्याच्या खिडकीशी बसली होती. समोर पुन्हा पाण्याचीच टाकी होती. मला फार वाईट वाटलं. या बाईनं माझ्याकडं सव्वीस वर्षांत दागिना मागितला नाही, घर बांधा म्हणाली नाही, एक जिना मागितला, आणि तो मी कारणाच्या रकान्यात घालवला. मी तिला म्हणालो, "पर्यटनावरच अडून बसायला पाहिजे होतं मी." ती म्हणाली, "मग रजाच मिळाली नसती." हेही खरं होतं.

तीनला नंबर आला. आम्ही पाचजण आत शिरलो. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चेहऱ्यावर सकाळपासूनचा शीण.

"क्या होरा अम्मा?"

"कुछ नै," दैवशाला म्हणाली.

"लई कुछ हय," दादा म्हणाले.

बाईंनी तिची नाडी बघितली, डोळे बघितले, छातीला नळी लावली, गुडघा दोन्ही हातांत धरून वाकवला. बिराप्पानं दंड पुढं केला, त्याला त्यांनी मागं सरकायला सांगितलं. "थोडा घिसा है. उमर का है. इतना सबकूच होता," त्या म्हणाल्या आणि पेन उचललं. तेव्हा दैवशाला खुर्चीतून पुढं वाकली.

"बाई, मैं चारमिनार के उप्पर चढूं क्या?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. आमच्या सगळ्यांकडं एकेक करून बघितलं, पोपटी साडीकडं बघितलं, किटलीकडं बघितलं, आणि त्यांना हसू फुटलं. बहुतेक त्या दिवसातलं पहिलं. "कैकू नै चढते? चढो. आहिस्ता चढो. उतरते वखत दीवार पकडो."

"लिखके देव," दैवशाला म्हणाली.

बाईंनी खरंच लिहून दिलं. औषधांच्या जागी इंग्रजीत एक ओळ, खाली सही, शिक्का. दादांनी तो कागद उलटा धरून बराच वेळ बघितला. मग गाठोडं उचललं आणि म्हणाले, "मग बसलाव कशाला? चला की."

जीप गर्दीतून मुंगीच्या पावलानं गेली. शेवटचा तुकडा आम्ही चालत, म्हणजे जवळजवळ पळत काढला. खिडकीपाशी पोचलो तेव्हा पाचला सात मिनिटं कमी होती. दादा वर यायला तयार नव्हते. "चपला कुनी बघायच्या?" म्हणाले. चपला काढायच्या नसतात, असं सांगितलं, तर म्हणाले, "मग गाठोडं कुनी बघायचं?" ते आणि बिराप्पा खालीच बसले. दैवशाला, बानूवहिनी आणि मी जिन्यात शिरलो.

त्या जिन्याचं मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. म्हणजे मीच सगळ्यांना सांगत आलो होतो, त्यामुळं मला कोण सांगणार? अरुंद, गोल, अंधारा, आणि पायऱ्या अशा उंच की पाय उचलायचा की गुडघा हनुवटीला लावायचा ते कळेना. चिंता दैवशालाच्या गुडघ्याची होती, पण ती भिंत धरून एकेक पायरी चढत राहिली. मेंढरांच्या मागं लहानपणी माळ तुडवलेले पाय ते. मी सत्तावीस वर्षं खुर्चीत बसलेला. निम्म्यात माझा श्वास संपला आणि मी पायरीवर बसलो. खालून रांग, वरून उतरणारे, दोन्हीकडून माणसं तुंबली. "चाचा, आगे बढो!", "चाचा को हवा आने दो!" असा आरडाओरडा. एका पोरीनं मला पाण्याची बाटली दिली, वर "दादाजी" म्हणाली. चोपन्नाव्या वर्षी मला जे काही ऐकावं लागलं, त्यात हे सगळ्यात जास्त लागलं.

वरून पोपटी साडी खाली आली. दैवशालानं हात पुढं केला. "चला. मी धरलंय."

तिनं मला वर ओढून नेलं. वर वारा होता. चारी बाजूंना चार रस्ते, रस्त्यात माणसंच माणसं, लाडबाजारातल्या बांगड्यांची दुकानं, कबुतरं, हॉर्न. दैवशाला कठड्याशी उभी राहिली. मग चारी बाजूंना फिरून आली आणि म्हणाली, "घंटा कुठाय?"

मी धापा टाकत होतो, पण पळायला जागा नव्हती. म्हणालो, "नाही घंटा. मी तेव्हा वर आलोच नव्हतो. खाली उभा राहून पेरू खाल्ले."

तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता सव्वीस वर्षांचं एकदम निघणार. पण ती म्हणाली, "म्हंजे तुमी बी पयल्यांदाच बघताव?" मी मान हलवली. ती हसायला लागली, इतकी हसली की बानूवहिनींनी तिला धरलं. "मग नीट बघा की," ती म्हणाली, "असं खाली मान घालून काय हुबं ऱ्हायलाव?"

खाली, गर्दीच्या मधोमध, दादा गाठोड्यावर बसले होते. त्यांच्या पटक्याचे फोटो काढायला दोन-तीन माणसं जमली होती. तिनं कठड्यावरून ओरडून हाक मारली, "दादाऽऽ!" एवढ्या गोंगाटात ऐकू जायचं काही कारण नव्हतं. पण दादांनी वर बघितलं, उठून उभे राहिले आणि पटका सोडून हवेत फिरवायला लागले.

बुधवारी आम्ही परत आलो. माझे दोन्ही गुडघे सुजून टम्म झाले होते. गल्ली पुन्हा उभी होती. रिक्षातून दैवशाला टणकन उतरली, हात लाखेच्या बांगड्यांनी भरलेले, आणि मला दोघांनी दंडाला धरून आत आणलं. तिनं सगळ्यांना खरं सांगितलं. या वेळी लोकांचा विश्वास बसला आणि तोच वाईट ठरला. श्रीमंतच्या बायकोनं "आम्ही मेलं उपास धरले" असं म्हणून तोंड फिरवलं. हिंमतरावांनी एवढंच विचारलं, "बादली आणली का?" बादली लॉजवर राहिली होती. श्रीमंतला मात्र मी डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचा केसपेपर रजेच्या अर्जाला जोडून दिला. त्यानं ती इंग्रजी ओळ तीनदा वाचली आणि पंच मारून फायलीला लावला. चहा आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आतल्या खोलीत गुडघ्याला शेक घेत पडलो होतो. गल्लीतलं कुणी फिरकलं नव्हतं. एकट्या सारजाबाई तेवढ्या आल्या, तरातरा, आल्याचा काढा घेऊन. काढा माझ्यासाठी होता, पण त्या बाहेरच दैवशालाशी बसल्या. बांगड्या हातात घेऊन उजेडात फिरवून बघितल्या.

"वर गेल्यावर सगळं दिसतंय?"

"सगळं दिसतंय, काकू."

"म्या सात येळा गेल्ते हैदराबादला. मालकाच्या किडनीपायी. सात येळा." बांगड्या किणकिणल्या. "मुक्कामाला बी ऱ्हायले. पर कुनी म्हनलं न्हाय, आन म्या बी म्हनले न्हाय."

 मग सारजाबाईंनी आवाज एकदम खाली आणला. मी कान टवकारले.

"दैवशाला, कुठं दुखतंय म्हनून सांगावं लागतंय गं?"

मी पडल्या पडल्या ओरडून सांगणार होतो की काकू, काही सांगावं लागत नाही, सरळ पर्यटन म्हणायचं. पण मला माझा पहिला अर्ज आठवला आणि मी गप्प बसलो.

"गुडघा सांगा, काकू," दैवशाला म्हणाली. "आतलं असतंय. कुनाला दिसत न्हाय. मी येते संगं."

सारजाबाई उठल्या. मी खिडकीतून बघत होतो. येताना त्या तरातरा आल्या होत्या. जाताना आमच्या पहिल्या पायरीपासूनच त्यांनी डावा पाय ओढायला सुरुवात केली.